पाहुण्या बिया

वनसंशोधन केंद्रावर तिला सगळे निवडमावशी म्हणायचे. बायका धान्य निवडतात तशी ही जंगल निवडायची, एवढाच त्या नावाचा अर्थ. तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या लांब टेबलाशी ती एकवीस वर्षं बसत आली होती. टेबलावर पांढरा कागद, चिमटा, हातात धरायचं भिंग आणि वजनकाटा. काटा इतका नाजूक की नुसतं जवळ बोललं तरी आकडा हलायचा. खोलीत पंखा होता, पण तो लावायची सोय नव्हती. लावला की पाला उडायचा. त्यामुळे उन्हाळ्यात मावशीच्या कपाळावरून घाम आणि तोंडातून उन्हाचा उद्धार, दोन्ही बरोबरीनं वाहायचे.

डोंगराच्या अलीकडच्या जंगलात आणि त्याला लागून असलेल्या जळक्या उतारावर मिळून एकशेवीस जाळ्या बांधलेल्या होत्या. चार खांबांवर ताणलेली, मीटरभर लांब, मीटरभर रुंद अशी एकेक जाळी. वरून पडेल ते तिच्यात पडायचं: पानं, काटक्या, फुलं, बिया, पिसं, कधी मेलेला भुंगा. दर पंधरा दिवसांनी सगळं कागदी पिशव्यांत भरून खोलीवर यायचं, ओव्हनमध्ये तीन दिवस वाळायचं आणि मग मावशीपुढे यायचं. पानं वेगळी, काटक्या वेगळ्या, फुलं वेगळी, बिया वेगळ्या. प्रत्येकाचं वजन वहीत. आगीत गेलेला उतार पुन्हा जंगल व्हायला किती वर्षं घेतो, ते शास्त्रज्ञ या वजनांवरून शोधत होते.

हे सगळं सुरू केलं होतं थोरल्या सरांनी. पहिल्या दिवशी त्यांनी मावशीला विचारलं होतं, "आधी काय काम केलंय?"

"कपड्यांच्या कारखान्यात बटणं निवडायचे."

सर हसले आणि एक पिशवी तिच्यापुढे ओतून मीटिंगला गेले. जेवणाच्या सुट्टीत येऊन बघतात तर तिनं पानं काटक्यांपासून वेगळी केली होतीच, वर झाडागणिक पानांचे सोळा ढीग लावले होते. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सरांनी ढीग मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाले, "उद्यापासून या." सरांनी झाडांना दिलेले आकडे मावशीनं पाठ केले, पण मनात तिनं आपली नावं ठेवली. कागदाला डाग पाडणारं पान ते तेलकट. दातेरी कडांचं ते कात्री. तीन दिवस ओव्हनमध्ये ठेवूनही ओलं राहायचं ते आळशी.

आणि गंमत अशी, की जंगलाच्या पोटात काय चाललंय ते ग्रॅममध्ये सांगणारी ही बाई जंगलात एकदाही गेली नव्हती. लहानपणी तिचा कमरेचा सांधा निखळला होता, तो नीट बसलाच नाही. एक पाय दोन बोटं आखूड. घर ते केंद्र एवढा सपाट रस्ता तिला पुरे व्हायचा. डोंगर चढायचा म्हणजे नसती आफत. पिशव्या आणायचं काम जाळीवाल्यांचं. हे गृहस्थ उंच, काटकुळे, आणि जिभेला हाड नसलेले. पिशव्या टेबलावर ठेवता ठेवता ते रोज एकच विनोद करायचे, "घ्या मावशी, जंगल घरपोच."

सहाव्या वर्षी सत्त्याण्णव नंबरच्या पिशवीत मावशीला वेगळ्याच बिया सापडल्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या, तपकिरी, मधोमध शिवण घातल्यासारखी रेघ असलेल्या.

"जाळीवाले, ही झाडं उतारावर कुठे आहेत हो?"

त्यांनी बी उलटीसुलटी करून पाहिली. "उतारावर? अहो, तिथे कमरेएवढं गवत आणि उभे कोळसे. ही झाडं डोंगरापलीकडची. मोठाली असतात, दोन माणसांच्या कवेत न मावणारी."

"मग ही बी डोंगर चढून आली का?"

"विचारा तिलाच," म्हणून ते गेले.

पुढच्या पिशवीत आणखी चार निघाल्या. मग शंभर नंबरमध्ये, मग एकशेचारमध्ये. मावशी त्यांना पाहुण्या म्हणू लागली. सरांचा नियम होता, वजन झालं की सगळा माल मागच्या खड्ड्यात टाकायचा. मावशी तो काटेकोर पाळायची. पण पाहुण्यांना उकिरड्यावर टाकायला तिचा हात धजेना. तिनं त्या एका पाकिटात घातल्या, वर जाळीचा नंबर आणि तारीख लिहिली आणि कोपऱ्यातल्या बंद पडलेल्या जुन्या ओव्हनमध्ये ठेवून दिल्या. पुढच्या वेळीही तेच. हळूहळू त्या ओव्हनचे चारही कप्पे भरले, तेव्हा तिनं घरून बिस्किटांचे डबे आणले.

थोरले सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टरबाई आल्या. या औषधांच्या नव्हेत, झाडांच्या. वय बत्तीस-तेहतीस, केस मानेपाशी कापलेले, बोलणं भराभर आणि चालणं त्याहून भराभर. त्यांनी पहिले तीन महिने वरच्या मजल्यावर मावशीच्या वह्यांतले सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवले. मग एका सोमवारी त्या खाली आल्या आणि स्टूल ओढून मावशीसमोर बसल्या.

"मावशी, राग मानू नका. उतारावरच्या जाळ्यांत बियांचं वजन जास्त येतंय. म्हणजे फारच जास्त. सहाव्या वर्षापासून. तेव्हा तिथे मोठ्या बीचं एकही झाड नव्हतं."

"असेल," मावशी म्हणाली.

"जंगलातल्या पिशव्या आणि उतारावरच्या पिशव्या इथे एकाच टेबलावर येतात ना? कधी अदलाबदल झाली असेल का? एवढ्या वर्षांत कुणाचंही होईल."

मावशीनं चिमटा खाली ठेवला. "किती वर्षांचे आकडे चुकलेत म्हणता?"

"उतारावरच्या बियांचे सगळेच मला बाजूला ठेवावे लागतील. पंधरा वर्षांचे." आणि मग जरा अडखळून, "मला तसं करायचं नाहीये. पण मला कारण सापडत नाही."

मावशीला पाकिटं आठवली. पण ती दाखवायची म्हणजे पंधरा वर्षं नियम मोडल्याची कबुली. मोडणारी तीच, आणि आकडे बरोबर आहेत म्हणणारीही तीच. कोण ऐकणार? त्या दिवशी तिनं एकही पिशवी उघडली नाही. रिकाम्या कागदावरून नुसता हात फिरवत बसली.

घरी धाकटी बहीण आणि ती, दोघीच. धाकटी शाळेच्या ग्रंथालयात होती आणि तिच्यासमोर काही लपवणं म्हणजे मांजरासमोर दूध झाकणं. भाजी चिरता चिरता तिनं सगळं काढून घेतलं आणि सुरी आपटली.

"पंधरा वर्षं! आणि तू गप्प बसून आलीस? ताई, तू घरात एक वाटी जागेवरून हलली तरी आकाश डोक्यावर घेतेस. तू पिशव्या बदलशील?"

"तिचंही बरोबर आहे गं. तिला दिसतंय ते ती बोलली."

"तिला अर्धंच दिसतंय. उरलेलं तू बिस्किटांच्या डब्यात दडवून ठेवलंयस. चूक तिची नाही, तुझी आहे. उद्या जा आणि डबे उघड."

मावशीला जेवण गेलं नाही, पण बहिणीचं म्हणणं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः जिना चढली. एकवीस वर्षांत वरच्या मजल्यावर ती जेमतेम चारदा गेली असेल. डॉक्टरबाई तिला दारात बघून उठून उभ्या राहिल्या.

"खाली चला. एक दाखवायचंय."

जुन्या ओव्हनचं दार करकरलं. कप्प्यांत दाटीवाटीनं पाकिटं उभी होती, त्यावर मावशीचं टपोरं अक्षर. मागे भिंतीशी डब्यांची उतरंड. डॉक्टरबाईंनी एक पाकीट काढलं, दुसरं काढलं, मग खाली फरशीवरच बसकण मारली आणि मांडीवर पाकिटं पसरायला लागल्या. पिशव्या घेऊन आलेले जाळीवाले दारातच थबकले आणि आयुष्यात पहिल्यांदा विनोद विसरले.

"किती आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एकोणीसशे आणि वर थोडी. टाकायला सांगितलेलं होतं. मी नाही टाकली." मावशी खिडकीकडे बघत म्हणाली, "काय बोलायचं ते बोला."

बाईंनी तिथूनच थोरल्या सरांना फोन लावला. सर कानानं अधू झाले होते, म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता. सगळं ऐकून ते पलीकडून खोकले आणि म्हणाले, "मी तिला टाकायला सांगितलं होतं. माझं ऐकलं नाही, हे नशीब समजा."

मावशीचा चेहरा जरा सैलावला. पण डॉक्टरबाई उड्या मारणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मावशी, माझी खात्री पटली. पण लोक म्हणतील, पिशवी चुकली तर पाकिटावरचा नंबरही चुकलेलाच. बिया खरंच तिथे पडल्या असतील, तर त्यातल्या काही उगवल्याही असतील. सत्त्याण्णव नंबरच्या आसपास आज झाडं उभी असायला हवीत."

"झाडं आहेत की," जाळीवाले म्हणाले. "वर आलीयत बरीच."

"कोणती?"

"ते मला काय ठाऊक? मोठी झाडं ओळखतो, ही लहान पोरं नाही. मला जाळीचा नंबर कळतो."

"आणि झाडांची मोजणी?" मावशीनं विचारलं.

"सरांच्या वेळी झाली होती, पण मोकळ्या जागेतले चौकोन आखून. सत्त्याण्णवच्या बाजूला मोजायला कुणी फिरकलंच नाही." बाईंनी पाकिटं नीट पुन्हा लावली. "उद्या जाऊ."

"मीही येते," मावशी म्हणाली.

दोघांनीही तिच्या पायाकडे बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. जाळीवाल्यांनी खुर्चीला दोन बांबू बांधून उचलून न्यायचं सुचवलं. मावशी कडाडली, "मिरवणूक काढताय का माझी? चालत येईन. लागेल तेवढा वेळ लागेल."

वेळ लागलाच. जाळीवाले जो रस्ता पाऊण तासात कापायचे त्याला मावशीला साडेतीन तास लागले. एका हातात काठी, दुसरा डॉक्टरबाईंच्या खांद्यावर. दर वळणावर दगड बघून बसायचं, पाणी प्यायचं, कमरेला चार शब्द सुनवायचे आणि पुन्हा उठायचं. भराभर चालणाऱ्या डॉक्टरबाई त्या दिवशी मुंगीच्या पावलांनी चालल्या. वाटेत त्यांनी आपल्या आईबद्दल सांगितलं, ती परगावी एकटी असते आणि फोनवर फक्त "जेवलीस का" एवढंच विचारते. मावशी म्हणाली, "मग जेवत जा. खोटं सांगावं लागणार नाही."

उतारावर पोचल्यावर उघडं आभाळ एकदम अंगावर आलं. गवत, झुडपं, आणि त्यांतून वर आलेले जुन्या आगीतले खोडांचे सांगाडे, पावसापाण्यानं पांढरे पडलेले. त्यातला सगळ्यात उंच सांगाडा सत्त्याण्णव नंबरच्या जाळीला लागून होता. आणि त्याच्या पायाशी, जाळीच्या भोवती, गोल घोळक्यानं उभी असलेली तरणी झाडं. दीड-दोन पुरुष उंच, गर्द हिरवी.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, बघा. ओळखा."

मावशी जवळ गेली. एक फांदी वाकवून पान हातात घेतलं. पान गुळगुळीत, थंड, हिरवं. तिनं उलटं केलं, उन्हाकडे धरलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"नाही गं ओळखत," ती हळूच म्हणाली. "कोण आहे ही?"

डॉक्टरबाईंना वाटलं, ती थट्टा करतेय. पण मावशीचे डोळे भरून आले होते. एकवीस वर्षं तिनं पानं पाहिली ती वाळलेली, तपकिरी, सुरळी झालेली. या जंगलातल्या झाडाला लागलेलं जिवंत पान तिनं कधी हातात धरलंच नव्हतं. तिची सगळी ओळख गळून पडल्यानंतरची.

मग ती काठी टेकत खाली बसली, झाडाच्या बुंध्याशी पडलेला पाला चाळला आणि त्यातलं एक वाळकं पान उचललं. बोटांत फिरवलं, कडेनं मोडलं, मोडल्याचा आवाज ऐकला, नाकाशी नेलं.

"अगं बाई!" ती ओरडलीच. "ही पाहुणीच! नमुन्याच्या पेटीत त्या बीशेजारी हेच वाळकं पान ठेवलंय. हिची पानं दोन वर्षांपासून येतायत सत्त्याण्णवच्या पिशवीत. मला वाटायचं, वाऱ्यानं येतात." तिनं वाळकं पान एका हातात धरलं, हिरवं दुसऱ्या हातात, आणि ती आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिली. "तू अशी असतेस होय. एवढी देखणी असतेस."

डॉक्टरबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांच्याकडून इतकंच निघालं, "चुकले मी, मावशी."

"चुकली नाहीस पोरी. विचारलंस म्हणून तर मी इथवर आले."

तेवढ्यात जाळीवाल्यांनी वर बोट दाखवलं. पांढऱ्या सांगाड्याच्या टोकावर मोठ्या चोचीचा एक पक्षी येऊन बसला होता. त्यानं मान हलवली, गळा फुगवला आणि तोंडातून काहीतरी खाली सोडलं. ते जाळीत टपकन पडलं. एवढ्या उजाड उतारावर मोठ्या पक्ष्याला टेकायला त्या मेलेल्या खोडांखेरीज जागा नव्हती. डोंगरापलीकडे फळं खायची, इथे येऊन बसायचं आणि बिया टाकायच्या, हा या पक्ष्यांचा पंधरा वर्षांचा परिपाठ होता.

पुढचं वर्ष मोजण्यात गेलं. उभ्या सांगाड्यांखाली किती रोपं, मोकळ्या जागेत किती, कोणती, केवढी. मावशीच्या पाकिटांतल्या तारखा आणि झाडांची वयं जुळत गेली. खोडांखाली पाहुण्यांची झाडं मोकळ्या जागेच्या नऊपट निघाली. बाईंनी लेख लिहून पाठवला, तर मासिकाच्या परीक्षकांकडून शंका आली: एकाच बाईनं नुसत्या डोळ्यांनी ओळखलेल्या बियांवर भरवसा कसा ठेवायचा? मग दुसऱ्या एका संस्थेनं साठ बिया नंबर घालून पाठवल्या, झाडांची नावं मात्र स्वतःकडे ठेवून. नमुन्याच्या बियांची पेटी शेजारी घेऊन मावशी दोन दिवस बसली. अठ्ठावन्न बरोबर आल्या. एक चुकली; दोन सख्ख्या बहिणींसारख्या बियांत तिची गफलत झाली आणि त्याची चुटपुट तिला पुढे आठवडाभर होती. राहिलेल्या एकीपुढे तिनं लिहिलं होतं, "ही बी नाही. किड्यानं पानावर केलेली गाठ आहे." संस्थेनं कापून पाहिलं आणि दिलगिरीचं पत्र पाठवलं.

लेख छापून आला तेव्हा लेखकांच्या यादीत तिसरं नाव मावशीचं होतं. धाकटीनं तो छापून शाळेच्या ग्रंथालयात फलकावर लावला, आणि कुणी वाचत नाही असं दिसल्यावर स्वतःच उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवू लागली. उतार साफ करून, मेलेली खोडं पाडून, तिथे एकाच जातीची रोपं रांगेत लावायची वनखात्याची योजना कागदावर तयार होती. लेखानंतर निम्म्या उतारावरची खोडं तशीच उभी ठेवायचं ठरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, निम्मं म्हणजे काहीच नाही. मावशी म्हणाली, पक्ष्यांना निम्म्याचं काय करायचं ते कळतं.

वाळवणाच्या खोलीत आता पाकिटांसाठी स्वतंत्र कपाट आलं. निवडायला एक नवी बाई हाताखाली आली. मावशी तिला आधी डोळे मिटून पान मोडायला लावायची आणि आवाजावरून ओळखायला सांगायची. ती बिचारी रडकुंडीला यायची, पण दोन महिन्यांत तिला तेलकट आणि आळशी यांच्यातला फरक ऐकू यायला लागला.

मग एका रविवारी डॉक्टरबाईंनी केंद्राची गाडी काढली. डोंगरापलीकडे आता थेट रस्ता जात होता. मावशी पुढे बसली, धाकटी मागे, मांडीवर डबा आणि थर्मास घेऊन. "सुट्टीच्या दिवशी झाडं बघायला जायचं," धाकटी कुरकुरली, "घरासमोर काय कमी आहेत?"

गाडीतून उतरून मात्र तिची कुरकुर बंद पडली. खोडं इतकी रुंद की तिघींनी हात पसरले तरी एकमेकींना बोटं लागली नाहीत. वर कुठेतरी उंचावर फळं पिकली होती आणि सालींचे तुकडे पाल्यावर टपटप पडत होते. मावशी एका मुळावर बसली आणि मान मागे टाकून वर बघू लागली. अचानक डोक्यावरून मोठा घोंघावता आवाज गेला, तशी धाकटी खालीच वाकली.

"ताई, रेल्वे आली का इथे?"

"पंख आहेत ते," डॉक्टरबाई हसल्या. "तो बघा, तिसऱ्या फांदीवर."

पक्षी चोचीच्या टोकात फळ धरायचा, वर उडवायचा आणि घशात झेलायचा. एक, दोन, पाच, अकरा. मावशी ओठ हलवत मोजत होती. धाकटीनं डबा उघडला, चहा ओतला, तो निवला, तिनं पुन्हा थर्मासमध्ये ओतला. ऊन झाडांमागे सरकलं.

"ताई, मान मोडेल तुझी. चल आता."

"थांब गं," मावशी म्हणाली. "तो अजून खातोय."